सबनिसांची चाकं

सबनीस कुठल्याही गाडीत बसण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारत आणि चारही चाकांच्या नटांवरून अंगठा फिरवत. गाडी कुणाची का असेना. टॅक्सी असो, ऑफिसची व्हॅन असो. एकदा तर इथे आयर्लंडात लिमरिकला एका लग्नात, नवरानवरीसाठी सजवलेल्या गाडीपाशी हे गृहस्थ सुटाबुटात उकिडवे बसलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत. नवऱ्याचा आयरिश बाप लांबून बघत होता. त्याला वाटलं, ही इंडियन लोकांची काहीतरी शुभकार्याची पद्धत असणार. त्याने आदराने मान झुकवली आणि सबनिसांनीही ती मोठेपणाने स्वीकारली.

आमची ओळख अशीच चाकावरून झाली. आम्ही लिमरिकजवळ शॅननला राहायला आलो त्या दिवशी सामान अजून गाडीतच होतं. आमच्या घराला चिकटून शेजारचं घर, मधे दोघांचा मिळून एक गाड्या लावायचा चौक. तिथे पन्नाशीचा एक उंच, वाकलेला माणूस आला आणि माझं नावही न विचारता माझ्या गाडीच्या पुढच्या चाकाशी बसला. हे टायर कुणी बसवले, असं त्याने शुद्ध पुणेरी मराठीत विचारलं. मी म्हटलं, गावातल्या टायरवाल्याने. काय म्हणाला तो? म्हटलं, ग्रँड म्हणाला, म्हणजे इथल्या भाषेत एकदम झकास. ‘ग्रँड म्हणाला ना? म्हणजे बसवलेले नाहीत,’ असं म्हणून ते घरातून पाना घेऊन आले. सगळे नट घट्ट निघाले. सबनिसांचा चेहरा पडला.

संशय घेणं हा त्यांचा पोटापाण्याचाच धंदा होता म्हणा. इथल्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात ते तयार माल तपासायला होते. दिवसभर दुसऱ्याच्या कामात चूक शोधायची आणि त्याचाच पगार घ्यायचा. संध्याकाळी घरी आल्यावरही ते यंत्र बंद होत नसे. पोस्टमन लवकर आला तरी संशय, उशिरा आला तरी संशय. कुठलीही वस्तू हलली, पडली, हरवली की त्यांचं ठरलेलं वाक्य, ‘आपोआप काही होत नसतं, मेघनाताई. कुणीतरी करत असतं.’ लग्न मोडलेलं होतं, मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल ते बोलत नसत आणि मीही विचारलं नाही. माझाही स्वभाव काही कमी संशयी नाही, त्यामुळे आमचं बरं जमायचं. पलीकडचा माणूस रात्री कचरा आमच्या डब्यात टाकतो, यावर आमचं दोघांचं पहिल्याच आठवड्यात एकमत झालं.

त्यांचा जीव होता त्यांच्या जीपवर. जुनी, उंच, मोठमोठ्या खरबरीत टायरांची. दर रविवारी ते चार आयरिश मित्रांबरोबर क्लेअर परगण्याच्या डोंगरातल्या जंगलवाटांवर चिखल तुडवायला जात, कधी समुद्रकाठी. आणि हिवाळा आला की त्यांची झोप उडे. इथे थंडी पडली की कौन्सिलची गाडी बर्फ धरू नये म्हणून रस्त्यावर मीठ फेकत जाते, खाडीवरून खारा वारा येतो तो वेगळाच. वर चिखल. लोखंडी रिमा, नट, बोल्ट, सगळ्याला गंज चढतो. सबनीस त्या गंजाबद्दल असे बोलत जसं काही तो कुणी इसम आहे आणि रोज रात्री त्यांच्या चौकात येतो.

म्हणून त्यांनी एक पद्धत पाडली होती. खंडेनवमीला, हिवाळ्याच्या अगदी तोंडावर, ते जीपची चाकं उतरवत. तारेच्या ब्रशने गंज खरवडत, गोड्या पाण्याने धुवून कोरडं करत, बाहेरून मेणाचा हात देत. मग पाने, जॅक, हातोडी वर्तमानपत्रावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहत. झेंडू मिळत नसे, म्हणून सुपरमार्केटमधली पिवळी शेवंती. आरती म्हणत नसत. म्हणत, पाना आहे तो, त्याला गाणं काय ऐकवायचं.

त्या वर्षी खंडेनवमीला माझे वडील नुकतेच इथे आले होते. आई गेल्यानंतर आप्पा कराडच्या घरात एकटे राहत होते. एकदा दूध करपून भांडं काळं झालं, एकदा गॅस चालू ठेवून ते देवळात गेले, शेजाऱ्यांनी बंद केला. मग मी त्यांना तीन महिन्यांच्या व्हिसावर इकडे आणलं आणि त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडे ठेवून घेतली. परत एकट्याने राहायला पाठवायचं की नाही, हे या तीन महिन्यांत बघून ठरवू, असं मी आणि सुहासने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, ठरवलं होतं. आप्पांना आम्ही काही बोललो नव्हतो, पण ते साखर कारखान्यात जन्मभर कारकुनी केलेले, त्यांना न सांगता सगळं कळत होतं. किल्ली किचनच्या प्रेसमध्ये, चहासाखरेच्या वर ठेवलेली होती. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आता आम्हीही म्हणतो. चहा करताना आप्पांची नजर रोज त्या प्रेसकडे जायची.

तर त्या खंडेनवमीला सबनिसांनी आप्पांना मानाने बोलावलं. मागच्या हिवाळ्यात गंजाने फार त्रास दिला होता, त्यामुळे या वेळी सबनीस इरेला पेटले होते. कसलासा जाड, चिवट, गंज न धरणारा रंग त्यांनी मागवला होता. आप्पा डबा धरून बसले आणि सबनिसांनी रिमा पुढून रंगवल्या, मागून रंगवल्या, नट बसतात त्या खोबणी रंगवल्या, चाक जिथे टेकतं तो गाडीचा भाग रंगवला. एकावर एक हात. ‘आप्पा, सुईच्या टोकाएवढी जागा मोकळी दिसली तर सांगा,’ असं ते म्हणत होते आणि आप्पा चष्मा वर करून इमानाने शोधत होते. त्या दिवशी दोघांची गट्टी जमली. तेव्हापासून आप्पा रोज सकाळी कानटोपी घालून चौकात जात, जीपभोवती फिरत आणि सबनीस कामाला निघताना त्यांना हात करत.

पुढे दोनेक आठवड्यांनी, एका रविवारी, सबनीस जंगलातून आले ते पांढरेफटक पडून. वाटेत चाकातून खडखड ऐकू आली, उतरून बघतात तर पुढच्या चाकाचे नट हाताने फिरत होते. त्यांनी सगळे घट्ट केले. पुढच्या रविवारी पुन्हा तेच, या वेळी मागचं चाक. मग काय विचारता. ‘कुणीतरी हात लावतंय.’ टायरवाला संशयित झाला, वसाहतीतली सायकलवाली पोरं झाली, कचरेवाला शेजारी तर होताच. सबनिसांनी दारावर कॅमेरा बसवला. मीही खिडकीचा पडदा बाजूला करून नजर ठेवायला लागले. खोटं कशाला सांगू, मला त्यात मजा वाटत होती.

मजा संपली एका संध्याकाळी. सबनीस आमच्या किचनमध्ये आले, बसले नाहीत. फोन माझ्यापुढे धरला. कॅमेऱ्यात सकाळचा चौक दिसत होता. आप्पा जीपच्या पुढच्या चाकाशी उकिडवे बसले होते आणि त्यांचा हात नटावर होता.

‘रागावू नका, मेघनाताई,’ ते म्हणाले. ‘मी आप्पांना दोष देत नाही. वय आहे. त्यांच्या लक्षातही नसेल.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हातारा माणूस तुमचं बघून बघून चाकाला हात लावून बघायला शिकला, आणि तुम्ही त्याच्यावर उलटता? शोभतं का हे तुम्हाला? असं आणि आणखी बरंच काही मी बोलले. सबनीस ऐकत उभे राहिले आणि मग हळूच एवढंच म्हणाले की गॅसचं तुम्हीच मला सांगितलं होतंत. यावर मी दार उघडून धरलं. ते गेले. वळून बघते तर आप्पा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

आप्पा जेवायला बसले. भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाले, ‘म्या नुस्तं बघत हुतो गं. घट्ट हाय का न्हाई, त्येवढंच.’ मी म्हटलं, मला माहीत आहे. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, ‘पर मला आता काय आठवंना झालंय. म्या केलं आसंल का?’

तिथून माझे आप्पा आक्रसत गेले. चौकात जाणं बंद. हात सदऱ्याच्या खिशात. चहा स्वतः करायचे ते आता ‘करू का?’ म्हणून विचारायला लागले, आणि केला की गॅस बंद केलाय का ते मला येऊन बघायला लावायचे. दाराला कडी लावून पुन्हा उठून बघायचे. एकदा मी त्यांना बेसिनपाशी उभं राहून नळ सोडताना-बंद करताना, सोडताना-बंद करताना पाहिलं, आणि मला रडूच फुटलं. सुहास एका रात्री म्हणाला की आता त्यांना कराडला एकटं ठेवणं धोक्याचं आहे, घर विकायचं बघू. मी नाही म्हणाले नाही. आप्पांनी प्रेसकडे बघणं सोडून दिलं होतं.

सबनीस आणि मी चौकात समोरासमोर आलो तरी बोलत नव्हतो. मनातून मला त्यांचाच संशय यायला लागला होता. हा माणूस स्वतःच नीट घट्ट करत नसेल आणि खापर दुसऱ्यांवर फोडत असेल, असं मी सुहासला दहादा तरी ऐकवलं. एवढं मात्र दिसत होतं की त्यांनी प्रत्येक नटावरून खाली रिमवर एक पिवळी रेघ ओढून ठेवली होती. कुणी नट फिरवला तर रेघ तुटणार आणि चोर सापडणार. आप्पांना पकडायलाच हा सापळा आहे हे मला कळलं, आणि मी खिडकीचा पडदा कायमचा ओढून घेतला.

डिसेंबरातल्या एका भर पावसाच्या दुपारी बेल वाजली. सबनीस दारात भिजत उभे होते. मी आत या म्हटलं नाही. ते दारातूनच बोलले.

‘रेघ जागेवर आहे. एकही तुटलेली नाही. आणि तरी नट ढिले आहेत.’

मला काही उमगलं नाही. मग त्यांनी सांगितलं. त्यांनी चाक उतरवून पाहिलं होतं. नट बसतात त्या खोबणीतला तो जाड रंग दाबून दाबून चिरडला होता, कडेला त्याच्या सुरकुत्या साचल्या होत्या. नट लोखंडावर बसलेलाच नव्हता, तो रंगावर बसला होता. रंग चेपला, तेवढी जागा मोकळी झाली आणि नट न फिरताच सैल पडला. कुणी हात लावलाच नव्हता. नुसती बाहेरून जपायची ती वस्तू त्यांनी आतूनही जपली होती, त्याचं हे फळ. ‘इतकी वर्षं दुसऱ्यांचा माल नापास केला,’ ते म्हणाले, ‘हा माझा आहे.’

माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. हा माणूस, जो आयुष्यात कधी चुकलो म्हणाला नाही, तो आजच कसा म्हणतोय? आमच्या घराची अवस्था बघून त्याला दया आली असणार. मी काही बोलणार तोच मागून आप्पा आले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि हात जोडले.

‘तुमी चांगलं मानूस हाय, सबनीस. पर म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हनून खोटं बोलू नगा.’

मी सबनिसांचा चेहरा पाहिला. ज्याने जन्मात कुणावर विश्वास ठेवला नाही, त्याच्यावर आता कुणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं, आणि तो खरं बोलत होता. दुसरा कुणी असता तर शपथा घातल्या असत्या. सबनिसांनी नाक पुसलं आणि म्हणाले, ‘बरोबर आहे तुमचं. माझ्यावर विश्वास ठेवूच नका. तपासा.’

मग त्यांनी सुट्टी घेतली. तीन चाकांच्या खोबणी आणि टेकायच्या जागा खरवडून लख्ख लोखंडापर्यंत आणल्या. चौथं चाक खंडेनवमीला केलं होतं तस्संच, एकावर एक हात देऊन पुन्हा रंगवलं आणि वाळू दिलं. शनिवारी आप्पांना खुर्ची टाकून चौकात बसवलं आणि पाना त्यांच्या हातात दिला. ठरलेल्या जोराला पोचला की टक् असा आवाज करणारा तो पाना. आप्पा एकेक नट आवळत गेले. सबनीस बोटही लावत नव्हते. शेवटचा नट टक् म्हणाला तेव्हा ते म्हणाले की रेघ मी ओढली तर तुम्हाला पुन्हा शंका येईल, तेव्हा तुम्ही सही करा. आप्पांनी प्रत्येक नटावरून रिमवर उतरणारी, कारखान्याच्या गेटपासवर तीस वर्षं केलेली आपली वळणदार सही केली. ती नक्कल करणं इथे कुणाच्या बापाला जमलं नसतं. जीपची किल्ली आणि पाना दोन्ही आप्पांनी उशाशी घेऊन झोप काढली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं जीपमधून समुद्रापर्यंत गेलो आणि आलो. सबनीस इतकं हळू चालवत होते की मागे गाड्यांची रांग लागली. मी मागे बसून रंगवलेल्या चाकाकडे कान लावला होता आणि मनात म्हणत होते, देवा, सैल पडू दे. अशी प्रार्थना कुणी गाडीत बसून केली नसेल. वाटेत सबनीस दर थोड्या अंतरावर थांबत आणि उतरून फक्त बघत.

घरी आलो तेव्हा सुहासही चौकात आला. आप्पा आधी प्रत्येक सहीपाशी वाकले. सगळ्या सह्या शाबूत होत्या. मग पाना लावला. खरवडलेल्या तिन्ही चाकांवर लावल्या लावल्या टक्. चौथ्यावर लावला, आणि पाना फिरला. सही मधोमध तुटली. पुढचा नट, तोही फिरला. आप्पा थांबले, आमच्याकडे बघितलं, आणखी एक लावून पाहिला. मग खुर्चीत बसले आणि हसायला लागले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले आणि ते कानटोपीनेच पुसायला लागले.

सबनीस त्यांच्यापुढे ओल्या फरशीवर बसले. ‘आप्पा, तुमच्या हातून काही झालं नव्हतं,’ ते म्हणाले. ‘मी तुम्हाला उगीच घाबरवलं.’

आप्पांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. उठून आत गेले. मला आतून भांड्याचा आवाज आला. त्यांनी चौघांचा चहा टाकला होता, कुणाला न विचारता, आणि गॅस बंद करून कप घेऊन बाहेर आले. मी तो बंद आहे का ते बघायला आत गेले नाही. मी प्रेसमधली किल्ली काढली आणि त्यांच्या कपाशेजारी ठेवली. सुहास माझ्याकडे बघत होता. मग त्याने आपला कप उचलला.

जानेवारीत आप्पा कराडला गेले ते त्यांच्याच घरी. सबनीस सुधारले वगैरे नाहीत. तसा कुणी सुधारत नसतो. टायरवाल्यावर, पोस्टमनवर, ग्रँड म्हणणाऱ्या प्रत्येकावर त्यांचा संशय होता तसाच राहिला. फक्त आता खोबणीत रंगाचा थेंब जाऊ देत नसत आणि प्रत्येक फेरीनंतर नट पुन्हा आवळत. दर रविवारी ते आप्पांना फोन करत. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. घराच्या मागच्या नळाला गळती लागलीये म्हणता, वॉशर कुणी बसवला, काय म्हणाला तो? मग आप्पांचं काहीतरी लांबलचक उत्तर असावं, कारण सबनीस बराच वेळ गप्प असत. त्यांच्या घरात दुसऱ्या माणसाचा आवाज तेवढाच, तोही फोनमधला.

या हिवाळ्यात सबनीस गेले. कामावरच छातीत दुखायला लागलं, हॉस्पिटलमध्ये नेईपर्यंत सगळं संपलं होतं. लंडनहून एक चुलतभाऊ आला, त्याने विधी केले आणि विमानाची वेळ झाली म्हणून लगेच निघाला. बाकी आम्ही होतो आणि त्यांचे ते चार आयरिश मित्र, चिखलाचे बूट घासूनपुसून घालून आलेले. मला किती वाईट वाटलं ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. इतकं भांडूनही दार उघडल्यावर आत यावासा वाटणारा माणूस फार थोड्यांना मिळतो.

आप्पांना सांगायचं मी दोन दिवस लांबवलं. शेवटी फोन केला. ते ऐकत राहिले. शेवटचं कुणी केलं म्हणाले, मी चुलतभावाचं सांगितलं.  

‘त्याला जवळचं कोन हुतं,’ आप्पा म्हणाले. ‘फोन ठेव. म्या पानी तापवतो. मला त्याच्या सुतकाची आंघोळ करायची हाय.’